थारचा छोटा गिअर: 4एच कधी, 4एल कधी, आणि दांडा अडकला तर काय?

बागवाला_गिरणारे

नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर जुनी थार घेतली. 2021 ची, डिझेल, मॅन्युअल. बाग गिरणाऱ्याच्या पुढे आहे, शेवटचा रस्ता कच्चा, पावसाळ्यात नुसता राडा. म्हणजे फोर बाय फोर हौसेसाठी नाही, रोजच्या कामाला लागणार.

अडचण अशी की छोट्या गिअरबद्दल, म्हणजे नेहमीच्या गिअरशेजारच्या फोर बाय फोरच्या दांड्याबद्दल (2एच म्हणजे दोनच चाकांना ताकद, 4एच म्हणजे चारही चाकांना, 4एल म्हणजे चारही चाकांना पण हळू आणि जास्त जोराने), जो भेटतो तो वेगळंच सांगतो. मेव्हणे जन्मभर जिप्सीवर, ते म्हणतात गाडी पूर्ण थांबल्याशिवाय त्या दांड्याला हात लावायचा नाही. ज्यांच्याकडून गाडी घेतली ते म्हणाले चालत्या गाडीत खुशाल टाका. गावातला ट्रॅक्टरचा मेस्त्री म्हणतो क्लच दाबून, न्यूट्रल करूनच टाका, नाहीतर दात जातील. तिघंही गाडी ओळखणारी माणसं आहेत. मग खरं काय?

दुसरं. परवा बागेतून 4एचमध्ये बाहेर आलो. फाटकासमोर सिमेंटचा रस्ता आहे, तिथे गाडी वळवली. स्टिअरिंग एकदम जड झालं, टायर मधूनच कचकन सरकत होते. दांडा 2एचला ओढला तर जागचा हलेना. जोर लावला नाही. कच्च्यावर परत घेतली तर चार हात गेल्यावर आपोआप सुटला. गाडीत काही दोष असेल का? वर्कशॉपला दाखवू?

सातपूरकर

दोष नाही दादा, गाडी ठणठणीत आहे. जोर लावला नाहीत हे फार चांगलं केलंत. थारचं फोर बाय फोर पार्ट-टाइम आहे. 4एच टाकलं की पुढचा आणि मागचा प्रॉपलर शाफ्ट (चाकांकडे ताकद नेणारे लांब दांडे) एकमेकांना पक्के जोडले जातात, मध्ये डिफरन्शियल, म्हणजे दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरजोडणी, नाही. दोघांनी सारखेच फेरे फिरायचे.

पण वळताना पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा जास्त अंतर जावं लागतं. हिशोब करून बघा. थारचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलमधलं अंतर, 2450 मिमी. मागचा अ‍ॅक्सल 5 मीटर त्रिज्येने वळला तर पुढचा साधारण 5.57 मीटरने वळतो. पूर्ण यू-टर्नमध्ये मागचा 15.7 मीटर जातो, पुढचा 17.5. पावणेदोन मीटरहून थोडा जास्तच फरक. 255/65 आर18 टायरचा घेर अडीच मीटरच्या आसपास, म्हणजे पुढच्या चाकांना जवळजवळ पाऊण फेरा जास्त हवा असतो आणि शाफ्ट तो देत नाहीत. मातीवर चाक घसरून फरक भरून काढतं. सिमेंट घसरू देत नाही. मग चऱ्हाट पिळावं तसा पीळ शाफ्टमध्ये साठत जातो. स्टिअरिंग जड होणं, टायर कचकन सरकणं, दांडा न हलणं, सगळं त्या पिळामुळे.

दातेरी_चाक

माझं निम्मं आयुष्य गिअरबॉक्स उघडण्यात गेलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आत काय चालतं ते कळलं की मेव्हणे, विकणारे आणि मेस्त्री तिघंही आपापल्या जागी बरोबर आहेत हे दिसेल.

आधी 2एच ते 4एच. ट्रान्सफर केस म्हणजे गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या शाफ्टना वाटणारी पेटी. तिच्या आत एक स्लीव्ह (दातेरी कडं) सरकते आणि पुढच्या शाफ्टला मागच्याशी जोडते. स्लीव्हला आतून दात, समोरच्या गिअरलाही दात. दोन्हीकडचे वेग सारखे असतील तर ती लोण्यासारखी बसते. ज्या गाडीत चालता चालता 4एच टाकायची सोय आहे तिच्यात पुढचा शाफ्ट मागच्याच्या वेगाला आणायची व्यवस्था कंपनीने आतच केलेली असते. थारमध्ये ती आहे, म्हणून विकणारे बरोबर.

मेव्हण्यांच्या जिप्सीला हाताने फिरवायचे फ्री-व्हील हब असणार. हब मोकळे असताना पुढची चाकं नुसती फिरतात, आतला पुढचा शाफ्ट आणि डिफरन्शियल जागेवर उभे. मागचा शाफ्ट जोरात फिरतोय, पुढचा थांबलेला. अशा वेळी चालत्या गाडीत दांडा ढकलला तर दात करकरणारच. म्हणून थांबायचं, खाली उतरायचं, दोन्ही हब लॉकवर फिरवायचे, मग 4एच. मेव्हणे त्यांच्या गाडीबद्दल शंभर टक्के बरोबर.

आता चालत्या गाडीत टाकायची सोय असली तरी तीन गोष्टी नकोत. वळणावर टाकायचं नाही, कारण तिथे पुढची-मागची चाकं मुळातच वेगळ्या वेगाने फिरत असतात. अ‍ॅक्सिलरेटर दाबलेला असताना टाकायचं नाही, ताण असलेल्या दातांवरून स्लीव्ह सरकत नाही. आणि तिसरी गोष्ट, ज्यात सगळ्यात जास्त नुकसान होतं: मागची चाकं चिखलात गरगर फिरत असताना टाकायचं नाही. गाडी उभी असते, त्यामुळे पुढचा शाफ्ट थांबलेला. मागचा सुसाट. त्या क्षणी स्लीव्ह बसलीच तर तो सगळा धक्का चेन, दात आणि शाफ्टच्या क्रॉसवर येतो. रुतलात की आधी अ‍ॅक्सिलरेटर सोडा, चाकं पूर्ण थांबू द्या, मग टाका.

क्लच 2एच-4एचला लागतोच असं नाही. दाबलात तर ताण आणखी कमी होतो, तोटा काहीच नाही. मी दाबतो. गाडीसोबतच्या मॅन्युअल पुस्तकात कमाल वेग दिलेला असतो, तो पाळा. मी स्वतः 40-50 च्या वर कधी टाकत नाही. ज्या रस्त्यावर गाडी 80 ने जाते त्या रस्त्याला 4एच लागत नाही.

आता मेस्त्रीचं म्हणणं. ते 4एलबद्दल आहे आणि तिथे तो बरोबर आहे. लो म्हणजे वेगळाच गिअर जोडणं. बहुतेक नव्या ट्रान्सफर केसमध्ये प्लॅनेटरी सेट असतो. मधला सन गिअर इंजिनकडून फिरतो, बाहेरचा रिंग गिअर घट्ट बसवलेला, आणि छोट्या गिअरांना धरणारा कॅरिअर मंद फिरतो. हायमध्ये ताकद सरळ जाते, लोमध्ये या सेटमधून. थारमध्ये ते प्रमाण साधारण 2.5 आहे, म्हणजे इंजिन त्याच आरपीएमला असताना गाडीचा वेग अडीचपट कमी आणि चाकावरचा टॉर्क अडीचपट जास्त. हाय आणि लोच्या दातांच्या वेगात एवढा मोठा फरक, आणि तिथे दोन्हीकडचे वेग जुळवून देणारा सिंक्रोनायझर नसतो. त्यामुळे गाडी थांबवायची, ब्रेकवर पाय, क्लच पूर्ण आत, मोठा (नेहमीचा) गिअर न्यूट्रल, मग छोटा दांडा त्याच्या एनमधून (न्यूट्रल) न रेंगाळता 4एलला. गिअर टाकायचा आणि क्लच सोडायचा तो दांडा पूर्ण बसल्याची खात्री झाल्यावरच. परत येतानाही हेच.

वाट_सुरगाण्याची

माझी जिम्नी आहे, काम सुरगाणा तालुक्यातल्या पाड्यांवर असतं. दातेरी काकांनी लिहिलंय त्यात माझ्या अनुभवाची भर घालते.

जिम्नीत 2एच ते 4एच सरळ रस्त्यावर 100 किमी वेगापर्यंत चालतं असं कंपनीच सांगते. दांडा टाकल्यावर डॅशवरचा हिरवा दिवा थोडा वेळ लुकलुकतो, मग स्थिर होतो. तो स्थिर होईपर्यंत पुढची चाकं कामाला लागली असं धरायचं नाही. नवीन चालवणारे इथे घाई करतात. दांडा टाकला की लगेच चढावर जोर देतात आणि म्हणतात फोर बाय फोर लागलंच नाही.

दुसरं, गिअर टाकायची जागा. 4एल मी कधीच चढावर किंवा उतारावर टाकत नाही. पाड्याकडे उतरणारी वाट सुरू व्हायच्या आधी सपाट तुकडा शोधते आणि तिथेच लो टाकून घेते. कारण 4एचवरून 4एलला जाताना मधे एक क्षण काहीच जोडलेलं नसतं. गाडी फक्त ब्रेकवर उभी असते. उतारावर, ओल्या मुरुमावर, गाडीत माणसं असताना तो क्षण मला नको असतो.

उतरताना 4एल, पहिला किंवा दुसरा, आणि क्लचवरून पाय पूर्ण काढलेला. इंजिन गाडीला धरून ठेवतं. क्लच दाबला की ती धरणारी ताकद गेलीच, उरले फक्त ब्रेक, आणि ओल्या लाल मातीवर ब्रेक लावला की चाकं लॉक होऊन गाडी तिच्या मर्जीने जाते.

अंबड_लिंक_रोड

ऑटोमॅटिक असेल तर? माझी थार ऑटोमॅटिक आहे. पीमध्ये (पार्किंग) लावून 4एल टाकलं तर सुरक्षित नाही का?

दातेरी_चाक

नाही भाऊ, पीमध्ये टाकू नका. दोन कारणं. पीमध्ये गिअरबॉक्सचा बाहेर येणारा शाफ्ट खिळीने अडकवलेला असतो. दात समोरासमोर आलेच तर तो थोडासाही फिरून जागा देऊ शकत नाही. आणि दुसरं कारण जास्त महत्त्वाचं: पी गाडीला धरतो तो ट्रान्सफर केसमधून. छोटा दांडा एनवर आला की गिअरबॉक्स आणि चाकं यांचा संबंधच तुटतो, मग पी असो की पहिला गिअर, गाडी घरंगळणार. ऑटोमॅटिकमध्ये मोठा सिलेक्टर एनवर, पाय ब्रेकवर घट्ट, मग छोटा दांडा.

याच कारणाने छोटा दांडा एनवर ठेवून गाडी कधीही पार्क करू नका. कोणी धुताना, पुसताना हाताने हलवला असेल तर हँडब्रेक हा एकच आधार उरतो.

पेठरोड_प्रवासी

उलटं घाबरवणारं एक उदाहरण. मित्राची गाडी सावळघाटाच्या अलीकडे धाब्यावर उभी. सुरू होतेय, गिअर पडतोय, आरपीएम चढतोय, गाडी ढिम्म. सगळे म्हणाले क्लच गेला. टोइंग बोलावण्यापर्यंत आलं होतं. छोटा दांडा हाय आणि लोच्या मधे, एनवर होता. गाडी हलत नसेल तर पहिली नजर त्या दांड्यावर टाका.

बागवाला_गिरणारे

सगळ्यांचे मनापासून आभार. बरंच उलगडलं. आता अडकलेला दांडा सोडवायची रीत सांगा. प्रत्येक वेळी शेजारी कच्चा रस्ता असेलच असं नाही.

सातपूरकर

पीळ ज्या दिशेने बसलाय त्याच्या उलट फिरवायचा.

स्टिअरिंग सरळ करा. रिव्हर्स टाकून सरळ रेषेत दोन-चार मीटर मागे या. मागे येताना डावा हात छोट्या दांड्यावर 2एचच्या दिशेने हलकासा ताण देऊन ठेवा. ओढायचं नाही, नुसता हात ठेवायचा. पीळ शून्यावर येतो त्या क्षणी दांडा स्वतःहून हातात येतो, आणि ते तळव्याला इतकं स्पष्ट कळतं की एकदा अनुभवलं की विसरत नाही. नाही सुटला तर थोडं पुढे, परत थोडं मागे. पुढे जाताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की ताणाची दिशा बदलते, तिथेही सुटतो. एका बाजूची दोन चाकं रस्त्याच्या कडेच्या मातीवर घेता आली तर त्याहून सोपं.

दोन्ही हातांनी हिसका मारणं, दांड्यावर पाय देणं, हे बंद. आतला शिफ्ट फोर्क (स्लीव्ह सरकवणारा काटा) वाकला तर ट्रान्सफर केस खाली उतरवून उघडावी लागते.

द्वारका_सर्कल

4एलबद्दल एक वाद आहे माझा. मी ऐकलंय आणि करतोही की 4एल टाकताना गाडी पूर्ण थांबवायची नाही, 2-3 किमीच्या वेगाने सरकती ठेवायची. पूर्ण थांबलेल्या गाडीत दात दातावर येतो आणि दांडा बसत नाही. सरकत्या गाडीत अलगद बसतो.

दातेरी_चाक

तुमचं म्हणणं खोटं नाही. काही कंपन्यांच्या मॅन्युअलमध्येच तसं लिहिलेलं असतं आणि काही कंपन्या स्पष्ट सांगतात की पूर्ण थांबा. मी नवीन माणसाला थांबूनच करायला सांगतो. 3 किमीचा वेग आणि 10 किमीचा वेग यातला फरक सीटवर बसून कळायला सराव लागतो, आणि 10 ला टाकलं तर करकर ऐकू येतेच.

थांबून बसला नाही तर जोर करू नका. ब्रेकवरचा पाय न काढता छोटा दांडा एनवर आणा, मोठा गिअर न्यूट्रलमध्येच ठेवून क्लच एकदा सोडा, परत दाबा. आतला शाफ्ट थोडा फिरतो आणि दात पुढे-मागे होतात. परत टाका. तरी नाही तर पाऊलभर गाडी सरकवून परत. बहुतेक वेळा दुसऱ्या प्रयत्नात बसतो.

निफाडची_काळी

तुम्ही सगळे मुरुम आणि लाल मातीचं बोलताय. आमच्याकडे काळी आहे. पावसात काळ्या मातीत 4एल टाकून फसलेल्या गाड्या मी ट्रॅक्टरने ओढून काढल्या आहेत, म्हणून कळकळीने लिहितोय.

4एल पकड वाढवत नाही, टॉर्क वाढवतो. काळ्या चिखलात टॉर्क कमी पडतच नाही, कमी पडते ती पकड. लो पहिल्यात अ‍ॅक्सिलरेटरला जरा पाय लागला की चारही चाकं जागेवर फिरतात, टायरच्या खाचा मातीने भरतात, टायर गुळगुळीत होतो आणि गाडी पोटावर बसते. काळ्या मातीत मला 4एच, दुसरा गिअर, एकसारखी चाल आणि मधे न थांबणं हे जास्त कामाचं वाटतं. हवा 18-20 पीएसआयपर्यंत उतरवली तर आणखी फरक पडतो. डांबरीवर यायच्या आधी भरायची मात्र आठवणीने.

4एल लागतो तो भरलेली ट्रॉली हळू ओढताना, दगडावरून चाक चढवताना आणि ताईंनी लिहिलंय तसा उतारावर.

वाट_सुरगाण्याची

काळ्या मातीबद्दल पूर्ण पटलं. लाल मातीत मात्र चढाला मी 4एल दुसरा वापरते, कारण 4एच पहिल्यात क्लच घासावा लागतो. जमीन बघून ठरवावं लागतं.

नवा_भिडू

पावसाळ्यात कसारा घाटात किंवा त्र्यंबक रोडवर ओल्या डांबरावर 4एच लावून जावं का? जास्त सुरक्षित वाटतं.

सातपूरकर

नको. ओलं डांबर म्हणजे पकड कमी झालेली, संपलेली नाही. घाटातल्या वळणांवर 4एचमध्ये तोच पीळ बसतो आणि गाडी वळायला नाखूश असते, नाक बाहेर जातं. ब्रेकचं अंतर तर फोर बाय फोरने कमी होतच नाही, ब्रेक चारही चाकांना आधीपासूनच आहेत. तिथे 2एच, चांगले टायर आणि कमी वेग. भावली किंवा पहिण्याकडे जिथे दरड-माती रस्त्यावर आलेली असते तेवढ्या तुकड्यापुरतं 4एच टाका, तो संपला की सरळ रस्त्यावर काढा.

ऑल व्हील ड्राइव्हच्या गाड्यांमध्ये पुढच्या-मागच्या चाकांच्या वेगातला फरक सामावून घेणारा क्लच किंवा सेंटर डिफरन्शियल असतो, त्यांची गोष्ट वेगळी. थार आणि जिम्नी त्यातल्या नाहीत.

सह्याद्रीवेडी

विषय गाडीचा आहे हे मान्य, तरी एक लिहिल्याशिवाय राहवत नाही. गाडी वर जाते म्हणून न्यायची असं करू नका. अंजनेरी संवर्धन राखीव क्षेत्र आहे. सेरोपेजिया अंजनेरिका, आपल्या कंदीलपुष्पांपैकी एक, तिच्या नावातच हा डोंगर आहे. पावसाळ्यात पठारावरच्या पातळ मातीत टायरची चाकोरी पडली की तिथून पाणी वाहतं आणि माती जाते. बैलगाडीची, ट्रॅक्टरची जुनी वाट असेल तिच्यावरच चालवा.

निफाडची_काळी

शंभर टक्के. दुसऱ्याच्या शेताच्या बांधालाही हेच लागू.

बागवाला_गिरणारे

काल बागेत सगळं करून पाहिलं. बांधाशेजारी सपाट जागा आहे तिथे आधी गाडी थांबवून लो टाकला, पहिल्यांदा अडला, क्लच एकदा सोडून परत दाबला आणि गपकन बसला. मग मुद्दाम सिमेंटवर 4एचमध्ये अर्धं वळण घेतलं, दांडा अडकला, सरळ करून मागे घेतला. सातपूरकर, तुम्ही म्हणालात तसंच झालं, दांडा हातात आला. मेव्हणेही बरोबर होते. ते म्हणाले, जिप्सीतही हेच करायचो, फक्त कोणी कारण सांगितलं नव्हतं.

आता देखभालीचं सांगा. उन्हाळ्यात महिनोन् महिने 4एच लागणार नाही. चालेल?

दातेरी_चाक

न वापरता ठेवू नका. महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्यावर थोडे किलोमीटर 4एचमध्ये चालवा आणि थोडं अंतर 4एलमध्येही. पुढच्या बाजूचे गिअर, सील, बेअरिंग यांना तेल पोचतं आणि दांड्याची जोडणी गंजून जाम होत नाही.

तेल बदलताना सावध. काही ट्रान्सफर केसमध्ये एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ तेल) असतं, काहींमध्ये गिअर ऑइल. दिसायला डबे सारखेच असतात. मॅन्युअलमध्ये लिहिलेला ग्रेड दाखवून तेच घालून घ्या आणि शक्यतो समोर उभे राहा. भरायचा बोल्ट आधी सैल करून बघायचा, सुटतोय याची खात्री झाल्यावरच खालचा ड्रेन बोल्ट उघडायचा. नाहीतर तेल रिकामं आणि भरायला वाट नाही अशी वेळ येते. गाडी पाण्यातून गेली असेल, चाकाच्या अर्ध्याच्या वर, तर तेल लवकर तपासा. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, लगेच बदला.

अंबड_लिंक_रोड

एक शेवटचं विचारतो. माझे पुढचे दोन टायर झिजलेत, मागचे बरे आहेत. दोनच नवीन टाकले तर चालतील ना?

सातपूरकर

2एचमध्ये चालतील. 4एचमध्ये नवे आणि झिजलेले यांच्या घेरात फरक राहतो, म्हणजे सरळ रस्त्यावरही थोडा थोडा पीळ बसत राहणार. शक्य असेल तर चारही एकदम, एकाच मापाचे, एकाच कंपनीचे. ते जमत नसेल तर आत्तापासून दर 8-10 हजार किलोमीटरला पुढचे मागे, मागचे पुढे फिरवत राहा, म्हणजे चारही सारखे झिजतील. हवाही मॅन्युअलमध्ये दिलीय तेवढीच ठेवा, आणि 4एच टाकायच्या आधी एकदा तपासा.